स्पेक्ट्रम ४८के + डिव्हएमएमसी : ६४ जीबी कार्ड ओळखत नाही, २ जीबीवर एरर, आणि जुन्या कॅसेट पण कार्डावर घ्यायच्यात

रबरकी४८

नमस्कार मंडळी. माझ्याकडे झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के आहे, रबरी बटणांचा. मशीन ठीक चालतंय, चालू केलं की कॉपीराइटची ओळ येते, सगळी बटणं दाबली जातात, कॅसेटवरून लोड पण होतं, पण टेपरेकॉर्डर आता थकलाय, पाच मिनिटं ते पट्टे बघत बसायचं आणि अगदी शेवटी "आर टेप लोडिंग एरर". म्हणून डिव्हएमएमसी इंटरफेस मागवला, तयार जोडलेला, मागच्या एज कनेक्टरला लागतो आणि त्यात मायक्रोएसडी कार्ड बसतं. विकणाऱ्याने सोबत एक कागदसुद्धा दिला नाही.

फोनमधून निघालेलं ६४ जीबीचं कार्ड घातलं तर एसएक्सडॉसची (इंटरफेसमधली, कार्ड वाचणारी सिस्टीम) स्क्रीन येते पण कार्ड सापडतच नाही. मग जुन्या कॅमेऱ्यातलं २ जीबीचं कार्ड ॲडॉप्टरमधून काढून घातलं, ते सापडतं पण पुढे सिस्टीम फाइलच्या ओळीसमोर एरर येते आणि तिथेच थांबतं. दोन कार्डांना दोन वेगळे आजार कसे काय?

दुसरं म्हणजे हे असं मागे काहीतरी लावल्याने मशीनला धोका आहे का? चाळीस वर्षं टिकलेली वस्तू आहे, ती माझ्या हातून जायला नको.

आणि तिसरं, जे माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. शाळेत असताना लिहिलेले बेसिकचे प्रोग्राम कॅसेटवर आहेत, थोडे माझे, थोडे मोठ्या भावाचे. ते कुठेच नेटवर मिळणार नाहीत. ते कार्डावर आणता येतील का, आणि कसे?

टीस्टेट

दोन्ही आजार ओळखीचे आहेत, दोन्ही बरे होतात.

६४ जीबीचं आधी. एसडी कार्डात क्षमतेप्रमाणे जाती आहेत, २ जीबीपर्यंत साधं एसडी, त्यावर ३२ जीबीपर्यंत एसडीएचसी आणि ३२ च्या वर एसडीएक्ससी. एसडीएक्ससी कार्ड दुकानातून एक्सफॅट या फाइल-मांडणीत फॉरमॅट करून येतं आणि एसएक्सडॉसला फक्त फॅट१६ आणि फॅट३२ कळतं, एक्सफॅट कळत नाही. म्हणजे कार्ड खराब नाहीये, त्याच्यावरची मांडणी त्याला वाचता येत नाही एवढंच. आता तुम्ही म्हणाल फॉरमॅट करतो, तर विंडोजच्या बहुतेक व्हर्जनमधे नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीच्या वर फॅट३२ चा पर्यायच दिसत नाही, आणि एसडी असोसिएशनचा स्वतःचा फॉरमॅटर ६४ ला नियमाप्रमाणे परत एक्सफॅटच करतो, त्यामुळे लोक तासभर गोल गोल फिरतात. उपाय सोपा आहे, पार्टिशन टूल घेऊन कार्डावरची सगळी पार्टिशन उडवा, एमबीआर (जुन्या पार्टिशन टेबलाच्या) पद्धतीने एकच ४ जीबीचं पार्टिशन करा, ते फॅट३२ करा, बाकीची जागा मोकळी राहू दे. पण खरं सांगू का, तुमच्याकडे २ जीबीचं आहे ना, तेच वापरा. ४८के चा पूर्ण स्नॅपशॉट, म्हणजे चालू गेमच्या मेमरीची जशीच्या तशी प्रत, ४९१७९ बाइटची. २ जीबीत असे पंचवीस हजारांवर मावतील, आयुष्यभर खेळलात तरी संपणार नाहीत.

आता २ जीबीचं कार्ड. ते फॅट१६ असणार म्हणून सापडलं. एरर येतेय कारण इंटरफेसवरच्या ईप्रॉम चिपमधे एसएक्सडॉसचा अर्धा भाग असतो आणि उरलेला अर्धा कार्डावरच्या सिस नावाच्या फोल्डरमधे लागतो, आणि हे दोन्ही एकाच व्हर्जनचे लागतात, जवळपासचे चालत नाहीत. चालू केल्यावर स्क्रीनवर सगळ्यात वर व्हर्जन नंबर येतो तो लिहून घ्या, ०.८.५ किंवा ०.८.९ वगैरे असेल, आणि बरोब्बर त्याच नंबरची झिप उतरवून त्यातले सिस आणि बिन हे दोन फोल्डर कार्डाच्या मुळात टाका, दुसऱ्या कुठल्या फोल्डरच्या आत नाही. ईप्रॉम नव्याने लिहायच्या भानगडीत आत्ता पडू नका, कार्ड बदलणं सोपं आहे.

गेम टाकताना एक लक्षात ठेवा, फॅट१६ च्या मुळातल्या डिरेक्टरीत फक्त ५१२ नोंदी मावतात, त्यामुळे कार्डात भरपूर मोकळी जागा दिसत असताना "डिस्क फुल" येऊ शकतं. फोल्डर करा, अ ते झेड अक्षरांचे केले तरी चालेल. आणि नावं आठ अधिक तीन अक्षरांत ठेवा, नाहीतर सगळीकडे तुटकी नावं आणि लाटेची खूण दिसेल आणि कुठली फाइल कुठली ते कळणार नाही. मॅकवरून कॉपी करत असाल तर तो सोबत लपलेल्या फाइली पण टाकतो, त्या इथे लपत नाहीत, त्या साफ करा.

आणि कार्ड फास्ट घ्यायचा मोह नको. एक बाइट पोर्टवरून उचलून मेमरीत ठेवायला झेड८० ला, म्हणजे स्पेक्ट्रमच्या प्रोसेसरला, १६ ते २१ टी-स्टेट (घड्याळाचे ठोके) लागतात, मशीन ३.५ मेगाहर्ट्झचं, म्हणजे हिशोब केला तर सेकंदाला सव्वादोनशे केबीच्या वर जायचंच नाही. सगळ्यात संथ कार्ड पण याच्या कितीतरी पुढे असतं.

सोल्डरवाली

धोक्याबद्दल मी लिहिते कारण बिघडलेले स्पेक्ट्रम माझ्या टेबलावर येतात आणि त्यातले बरेच याच कारणाने आलेले असतात.

इंटरफेस लावताना आणि काढताना वीज बंद, पूर्ण बंद, पिन काढलेली. स्पेक्ट्रमला स्वीच नाही म्हणून लोक चालू असतानाच लावतात. मागच्या कनेक्टरवर झेड८० चे पत्ते आणि डेटाच्या लाइनी थेट बाहेर आलेल्या आहेत, मधे कुठलाही बफर नाही, आणि त्यांच्या शेजारीच ९ व्होल्ट, १२ व्होल्ट आणि उणे ५ व्होल्टच्या पट्ट्या आहेत. कनेक्टर एक पट्टी सरकला की नको तो व्होल्टेज नको त्या चिपमधे. खालच्या १६के ला ज्या ४११६ मेमरी चिप असतात त्यांना +१२, +५ आणि −५ असे तिन्ही व्होल्टेज लागतात आणि −५ गेलं की त्या पाठोपाठ जातात. हे व्होल्टेज बनवणाऱ्या सर्किटमधला टीआर४ ट्रान्झिस्टर तर असल्या धक्क्याने पहिला जातो.

तुमच्या इंटरफेसच्या कनेक्टरमधे किल्ली आहे का बघा, म्हणजे एका जागी पिनांच्याऐवजी प्लास्टिकचा तुकडा, जो बोर्डावरच्या खाचेत बसतो. किल्ली असेल तर तो सरकून बसूच शकत नाही. नसेल तर वापरू नका, आधी बसवून घ्या.

लावायच्या आधी बोर्डावरच्या सोनेरी किंवा करड्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कापूस काळा निघेल, परत पुसा. मशीन रीसेट होणं, रंगीत चौकडी येणं, कार्ड कधी सापडणं कधी नाही, या तक्रारींचं मूळ बऱ्याचदा इथेच असतं. लावल्यावर मशीन टेबलावर ढकलू नका, टाइप करताना मागचा इंटरफेस डुलत असेल तर खाली काहीतरी आधार द्या.

पॉवर सप्लायचं पण बघा. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतं आणि मधली पिन उणे असते, आजकालच्या बहुतेक ॲडॉप्टरांच्या उलट. इंटरफेसला लागणारे ५ व्होल्ट मशीनच्या आतल्या ७८०५ या व्होल्टेज रेग्युलेटरवरूनच जातात, म्हणजे तो आधीच तापणारा भाग आणखी थोडा तापतो. डाव्या-उजव्या बाजूला हात लावून बघा, कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर ७८०५ च्या जागी आधुनिक स्विचिंग रेग्युलेटर बसतो तो घाला, त्याला हीटसिंक पण लागत नाही.

कार्ड मात्र त्यातल्या त्यात कमी धोक्याचं. लिहायचं चालू नसेल तर ते काढलं तरी मशीनला काही होत नाही. तरी सवय म्हणून बंद करूनच काढा, फॅटची टेबलं अर्धवट लिहिली गेली तर कार्डावरचं सगळं हरवू शकतं.

रबरकी४८

दोघांचे मनापासून आभार. किल्ली आहे. पट्ट्या पुसल्या, कापूस खरंच काळा निघाला. स्क्रीनवर ०.८.५ दिसत होतं, त्याच नंबरचे सिस आणि बिन टाकले आणि २ जीबीचं कार्ड लगेच सुरू झालं, सगळ्या ओळींसमोर ओके. इंटरफेसवरचं एनएमआय बटण दाबलं की फाइलींची यादी येते, स्नॅपशॉट निवडला की एक-दोन सेकंदात गेम समोर. विश्वास बसत नाही.

पण टॅप फाइलींचं (कॅसेटवरचा डेटा ब्लॉक-ब्लॉकने साठवलेल्या) विचित्र आहे. काही सुरळीत लोड होतात, काहींचा पहिला छोटा भाग येतो आणि मग बॉर्डर शांत, मशीन कशाची तरी वाट बघत बसतं. फाइल खराब म्हणावी तर तीच फाइल एम्युलेटरवर चालते.

टीस्टेट

फाइल चांगली आहे, ही नक्कल कुठपर्यंत जाते त्याचा प्रश्न आहे. हे एकदा नीट समजून घ्या म्हणजे पुढे कुठलंही जुनं मशीन आणि कुठलंही कार्ड असो, काय चालेल काय नाही ते तुमचं तुम्हाला सांगता येईल.

स्पेक्ट्रमला कार्ड वगैरे काही माहीत नाही. त्याच्या रॉममधे टेपवरून वाचायचं एक रूटीन आहे आणि लोड म्हटलं की प्रोसेसर तिथे जातो. डिव्हएमएमसी पत्त्यांच्या लाइनींवर नजर ठेवून असतो, प्रोसेसर ०५६२ हेक्स या पत्त्यावर आला म्हणजे हा टेप वाचायला निघालाय हे त्याला कळतं, मग तो मूळ रॉम बाजूला करून त्या जागी स्वतःची रॉम आणतो, टॅप फाइलमधला पुढचा ब्लॉक मेमरीत ओततो आणि परत मूळ रॉम जागेवर ठेवतो. सेव्हसाठी तसंच ०४सी६ वर. प्रोग्रामला पत्ताच लागत नाही की मधे काय झालं. मला हे सर्किट फार आवडतं, इतकं कमी सामान आणि इतकं अचूक.

पण एका दारावर पहारा बसवलाय आणि माणूस खिडकीतून गेला तर पहारेकऱ्याला काय कळणार. १९८० च्या दशकाच्या मध्यानंतरचे कितीतरी गेम रॉमचं रूटीन वापरतच नाहीत. पहिला छोटा बेसिकचा भाग रॉममधून लोड होतो, तो आपला स्वतःचा लोडर मेमरीत ठेवतो, आणि तो लोडर थेट २५४ नंबरच्या पोर्टवर इअरचा, म्हणजे कॅसेटचा आवाज आत येतो तो, बिट वाचत बसतो, जास्त वेगासाठी आणि कॉपी होऊ नये म्हणून. ०५६२ वर कोणी येतच नाही, डिव्हएमएमसीला हाक ऐकू जात नाही आणि लोडर कधीच न येणाऱ्या आवाजाची वाट बघत राहतो. तुमचं तेच होतंय.

अशा गेमचा स्नॅपशॉट वापरा, एसएनए किंवा झेड८० प्रकारची फाइल. स्नॅपशॉट म्हणजे पूर्ण मेमरी आणि प्रोसेसरचे रजिस्टर जसेच्या तसे, लोडरचा संबंधच संपला. दोनातलं झेड८० मी पसंत करतो कारण ४८के च्या एसएनएमधे प्रोग्राम काउंटर (पुढचा आदेश कुठे आहे तो पत्ता) ठेवायला वेगळी जागा नाही, तो स्टॅकवर ढकलतात, आणि क्वचित एखाद्या गेमचे ते दोन बाइट महत्त्वाचे असतात आणि तो कोसळतो. मात्र पुढची लेव्हल टेपवरून मागवणारे गेम स्नॅपशॉटमधे पण अडकतात, त्याला आवाजाचाच मार्ग लागतो, टीझेडएक्सड्यूइनो नावाचं छोटं यंत्र आहे, ते एसडी कार्डावरची टीझेडएक्स (टेपचे पल्ससुद्धा नोंदवणारी) फाइल खऱ्या कॅसेटसारखी आवाजात वाजवून इअर सॉकेटला देतं. पाच मिनिटं तर पाच मिनिटं पण मग लोडर कुठलाही असो, त्याला जे ऐकायचं ते ऐकू येतं.

सहापाचशून्यदोन

टीस्टेट यांनी जे लिहिलंय ते कॉमोडोर ६४ वाल्यांनी भिंतीला लावून ठेवावं. आमच्याकडे हेच भांडण जरा मोठ्या आकारात आहे. १५४१ ही कॉमोडोरची फ्लॉपी ड्राइव्ह, पण नुसती ड्राइव्ह नाही, तिच्या पोटात स्वतःचा ६५०२ प्रोसेसर आहे, २के रॅम आहे, १६के रॉम आहे, म्हणजे तो एक वेगळा कॉम्प्युटरच. एसडी२आयईसी हे एसडी कार्ड वापरणारं स्वस्त आणि छोटं यंत्र या ड्राइव्हचे फक्त आदेश समजतं, डिरेक्टरी दे, फाइल दे, लिही. त्याच्यात ६५०२ नाही. आणि गेमवाल्यांनी फास्ट लोडर लिहिले ते ड्राइव्हच्या २के रॅममधे आपला कोड पाठवून तिथे चालवायचे. एसडी२आयईसी त्या कोडची ओळख पटवून काही ठरावीक लोडरसाठी आपल्याकडचं तयार उत्तर देतं, ओळखीचा नसेल तर गेम तिथेच थांबतो.

ज्याला सगळंच हवं त्याने पाय१५४१ करावं, रास्पबेरी पाय ३ वर चालतं, मधे लिनक्स वगैरे काही नाही, १५४१ चा प्रोसेसर आणि सगळं सायकलगणिक नक्कल करतं. कॉपी प्रोटेक्शनवाल्या डिस्कच्या जी६४ फाइली पण त्यावर चालतात, ज्या एसडी२आयईसीवर चालत नाहीत.

अजून एक, नवीन लोकांची फार निराशा होते म्हणून सांगतो. एसडी२आयईसी लावल्याने कॉमोडोरचं लोडिंग आपोआप फास्ट होत नाही. वायर तीच, कर्नलमधलं (कॉमोडोरच्या रॉममधलं) सिरियल रूटीन तेच, सेकंदाला चारशे बाइटच्या आसपास. वेग हवा तर जिफीडॉस (जास्त वेगाची बदली रॉम) किंवा फास्ट लोडचं कार्ट्रिज सोबत हवंच. आणि कॉमोडोरचा जुना मूळ पॉवर सप्लाय वापरू नका, त्याची ५ व्होल्टची बाजू बिघडते तेव्हा व्होल्टेज वर चढतं आणि मेमरी घेऊन जातं. नव्या कार्डाच्या आधी नवा सप्लाय, यावर मी वाद घालायला तयार आहे.

अमिगा_बाराशे

अमिगा ६०० आणि १२०० वाले कोणी वाचत असतील तर थोडक्यात. तिथे कॉम्पॅक्टफ्लॅश एसडीपेक्षा सरळ पडतं कारण कॉम्पॅक्टफ्लॅश मुळातच आयडीई, म्हणजे हार्ड डिस्कची भाषा, बोलतं, आतल्या ४४ पिनच्या कनेक्टरला जो ॲडॉप्टर लागतो त्यात नुसत्या तारा असतात, एसडीला मधे भाषांतर करणारी चिप लागते. किकस्टार्ट (अमिगाची रॉम) ३.१ किंवा आधीचं असेल तर पहिल्या ४ जीबीच्या आतच रहा, आणि पार्टिशन करताना मॅक्सट्रान्सफर (एका वेळी जास्तीत जास्त किती डेटा हलवायचा ती सेटिंग) हेक्समधे १एफई०० ठेवा. तो नाही ठेवला तर छोट्या फाइली ठीक दिसतात आणि मोठ्या फाइली गुपचूप खराब होतात, आणि ते लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

कॅसेटप्रेमी

रबरकी, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात लावला नाही आणि माझ्या मते पहिलं काम तेच आहे. गेम जगभर हजारो ठिकाणी जपलेत. तुमच्या आणि भावाच्या प्रोग्रामची एकच प्रत आहे आणि ती दरवर्षी थोडी पुसट होतेय. कार्डावर गेम नंतर भरा.

माझं म्हणणं असं की कॅसेट थेट स्पेक्ट्रममधे लोड करून कार्डावर सेव्ह करायच्या मागे लागू नका, आधी आवाज जपा. टेपरेकॉर्डरच्या हेडफोन जॅकमधून वायर काढून कॉम्प्युटरच्या लाइन इनला द्या, ऑडॅसिटी उघडा, ४४.१ किलोहर्ट्झ, मोनो, १६ बिट, डब्ल्यूएव्ही. एमपी३ अजिबात नको, माणसाच्या कानाला न जाणवणारा भाग तो काढून टाकतो पण इथे ऐकणारा माणूस नाहीये. कॅसेटच्या दोन्ही बाजू सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मधल्या शांततेसकट. बऱ्याचदा लेबलवर न लिहिलेलं काहीतरी शेवटी सापडतं.

त्याच्या आधी तयारी. कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे पळवा, वर्षानुवर्षं एकाच जागी राहून वळ्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. आत टेपला हेडवर दाबणारी छोटी स्पंजची गादी असते ती निघून पडलीय का बघा, पडली असेल तर टेप चांगल्या कॅसेटच्या खोक्यात बदलून घ्या. हेड आणि रबरी रोलर अल्कोहोलने पुसा. टेपवर पांढरी बुरशी दिसत असेल तर वाजवू नका, ती हेडला लागून बाकीच्या कॅसेटना पण जाते.

मग ॲझिमथ, म्हणजे हेडचा तिरपेपणा. हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, बऱ्याच रेकॉर्डरना प्ले दाबल्यावर झाकणातल्या भोकातून दिसतो. कॅसेट वाजत असताना तो अगदी हळू, पाव वळसासुद्धा नाही, इकडे तिकडे फिरवा आणि कान देऊन ऐका. आवाज जिथे सगळ्यात तीक्ष्ण, कर्कश होतो ती जागा. जरा पुढे गेलात की आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा होतो, परत मागे या. जी कॅसेट ज्या रेकॉर्डरवर भरली तिचा तिरपेपणा त्या रेकॉर्डरचा असतो, त्यामुळे तुमच्या कॅसेटला जुळलेलं भावाच्या कॅसेटला जुळेलच असं नाही, प्रत्येकीला परत ऐका.

काय ऐकायचं ते पण सांगतो. आधी साधारण पाच सेकंद एकसुरी शिट्टी, ८०० हर्ट्झच्या जवळची, मग एक छोटा खरखराट, तो हेडर, त्यात प्रोग्रामचं नाव असतं. मग थोडी शांतता, दोनेक सेकंद परत शिट्टी आणि मग मोठा खरखराट, तो खरा प्रोग्राम. त्यात शून्य म्हणजे दोन आखूड पल्स, एक म्हणजे बरोबर त्याच्या दुप्पट लांबीचे दोन पल्स. एवढंच आहे सगळं, म्हणून तर इतक्या वर्षांनी पण परत मिळवता येतं.

डब्ल्यूएव्ही हातात आली की फ्यूज एम्युलेटरसोबत येणाऱ्या साधनांत ऑडिओ२टेप आहे, ते त्यातून टॅप किंवा टीझेडएक्स बनवतं. ती टॅप कार्डावर टाका. रॉमच्याच वेगाने सेव्ह केलेले घरचे बेसिक प्रोग्राम असल्याने टीस्टेट म्हणाले तो लोडरचा प्रश्न इथे येत नाही, ते डिव्हएमएमसीवर सरळ चालतील.

रबरकी४८

हे वाचून लगेच बसलो. तुमचं बरोबर होतं, गेम बाजूला ठेवले. माझ्या कॅसेटवरचे दोन प्रोग्राम स्वच्छ आले, एक गुणाकाराच्या पाढ्यांचा आणि एक पृथ्वीभोवती फिरणाऱ्या चंद्राचा, वर्तुळाचा आदेश वापरून काढलेला. भावाच्या कॅसेटवरच्या एका मोठ्या प्रोग्रामचं हेडर नीट येतं, नाव दिसतं, पण पुढच्या भागात टूल चेकसम (डेटा बरोबर आहे का ते तपासणारा आकडा) चुकतोय म्हणतं. तो प्रोग्राम मला कुठल्याही परिस्थितीत हवाय. ॲझिमथ परत जुळवला. अजून काय करता येईल?

कॅसेटप्रेमी

चेकसम चुकला म्हणजे सगळं गेलं असं बिलकुल नाही. प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी एक बाइट असतो, आधीच्या सगळ्या बाइटांचा एक्सॉर (बिटांची एक प्रकारची बेरीज), एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी तो जुळत नाही. हजारो बिटांपैकी एक चुकला असण्याची पण तेवढीच शक्यता आहे.

आधी फुकटचे उपाय. दुसऱ्या रेकॉर्डरवर वाजवून बघा. स्टिरिओ डेक मिळाला तर डावी आणि उजवी बाजू वेगळी रेकॉर्ड करा, टेपची एक कडा खराब असेल तर दुसरी बाजू बऱ्याचदा शाबूत असते, अशीच वाचलेली टेप मी पाहिलीय. रेकॉर्डिंगची पातळी कमी-जास्त करून बघा, लाटेची टोकं कापली जात असतील तर पल्सची लांबी चुकते. आणि भाऊ सेव्ह केल्यावर व्हेरिफाय करणारे होते की दोनदा सेव्ह करणारे? त्या काळी खूप जण एकाच कॅसेटवर लागोपाठ दोनदा सेव्ह करायचे. पुढे ऐका.

तरी नाही जमलं तर ऑडॅसिटीत ती लाट मोठी करून बघा. ड्रॉपआउट, म्हणजे टेपवरचा आवाज गळालेली जागा, असेल तिथे लाट एकदम बारीक झालेली डोळ्यांना दिसते. तेवढाच तुकडा निवडून आवाज वाढवा, परत टूलला द्या. नाहीच तर चुकलेल्या चेकसमसकट डेटा काढून घ्या, बेसिक प्रोग्राम आहे, यादी बघितली की कुठल्या ओळीत कचरा आलाय ते दिसेल आणि ते हाताने दुरुस्त होतं, विशेषतः ज्याने लिहिला तो माणूस शेजारी बसला असेल तर.

टीस्टेट

यात एक भर. प्रोग्राम लोड झाल्या झाल्या आपोआप चालू होत असेल आणि अर्धवट ओळीवर अडकत असेल तर लोडच्या ऐवजी मर्ज वापरा, मर्जने आणलेला बेसिक आपोआप चालू होत नाही, शांतपणे यादी बघता येते. दुरुस्त झाला की बिन फोल्डरमधला टेपआउट हा डॉट आदेश (पुढे टिंब लावून द्यायचा एसएक्सडॉसचा आदेश) देऊन नवीन टॅप फाइलचं नाव सांगा आणि मग नेहमीचा सेव्ह करा, तो कार्डावर जातो. मूळ प्रोग्राम आपोआप चालू होणारा होता तर सेव्ह करताना लाइन आणि ओळ नंबर द्यायला विसरू नका.

रबरकी४८

भावाला फोन केला. तो म्हणाला मी प्रत्येक गोष्ट दोनदा सेव्ह करायचो, दुसरी प्रत बाजू बी वर. बाजू बी वर लेबलच नव्हतं म्हणून मी ती लावलीच नव्हती. ती स्वच्छ आली, चेकसमसकट. रेल्वेच्या वेळापत्रकाचा प्रोग्राम आहे, गाडी निवडली की स्टेशनं एकाखाली एक येतात. कॅसेटप्रेमी, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

शेवटची शंका. आता हे सगळं त्या एका २ जीबीच्या कार्डावर आहे. कॅमेऱ्यातलं जुनं कार्ड, त्याचा भरवसा किती?

सोल्डरवाली

एका कार्डाचा भरवसा अजिबात धरू नका, जुनं असो की नवं. फ्लॅश कार्ड जायचं ठरवलं की आधी खरखर करून सांगत नाही, एक दिवस सापडतच नाही. पूर्ण कार्डाची इमेज फाइल बनवून कॉम्प्युटरवर ठेवा, आणि तशाच दुसऱ्या कार्डावर लिहून ते मशीनमधे घालून चालतंय ना बघून घ्या, नुसतं लिहून ठेवू नका. दुसरं कार्ड नवीन घेणार असाल तर आधी एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ ने पूर्ण भरून तपासा, खोटी क्षमता छापलेली कार्डं विकली जातात आणि ती सुरुवातीला बरोबरच वागतात.

कॅसेटप्रेमी

आणि मूळ डब्ल्यूएव्ही पुसू नका, टॅप बनली तरी. टूल सुधारत जातात, आज जो ब्लॉक निघत नाही तो पुढे निघू शकतो. कॅसेटच्या मागच्या कडेच्या प्लास्टिकच्या त्या दोन पाकळ्या मोडून टाका म्हणजे चुकून वरून रेकॉर्ड होणार नाही. भावाकडे अजून कॅसेट असतील तर त्या पण मागवून घ्या, आणि या वेळी बाजू बी पासून सुरुवात करा.